इलेक्ट्रिक पिकअप खाली बसवायचीय? आधी गाडीखाली झोपून मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या बाणेर-बालेवाडी भागात फिरती कॉफीची गाडी चालवणाऱ्या एका तरुणाकडे छोटी चारचाकी इलेक्ट्रिक पिकअप आहे. हौद्यात काउंटर, कॉफीचं मशीन, फ्रिज आणि पाण्याच्या दोन टाक्या कायमच्या बसवलेल्या आहेत. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-150 लाइटनिंगचे जमिनीला टेकल्यासारखे दिसणारे फोटो पाहून त्यांना आपलीही गाडी तशी तीन-चार इंच खाली हवी आहे. एका कारागिराने सांगितलंय, "मागचे दोन पाटे काढतो, पुढचे तापवून बसवतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." हे करावं का? नसेल करायचं, तर तसा लूक कसा आणावा?

पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा (लीफ स्प्रिंग), काढू नका, आणि तापवून, चपटे करून तर मुळीच बसवू नका. तुमची हौस मला मनापासून पटते. रस्त्याच्या कडेला उभी राहून गिऱ्हाईक ओढणारी गाडी देखणी असलीच पाहिजे. पण तीन-चार इंच हा आकडा त्या अमेरिकन गाडीचा आहे. तुमच्या गाडीचा आकडा फोटोवरून ठरत नाही, तो गाडीखाली झोपून मोजावा लागतो. पाटे आणि अलाइनमेंटच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गाड्याही लिफ्टवर येऊ लागल्या, तेव्हापासून हे मोजमाप केल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

आधी त्या फोटोंबद्दल. लाइटनिंग 2022 मध्ये रस्त्यावर आली. नाव एफ-150 असलं तरी मागच्या बाजूने ती पेट्रोलच्या एफ-150 सारखी नाही. साध्या पेट्रोल एफ-150 ला मागे अखंड ॲक्सल आणि पाटे असतात. लाइटनिंगला मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र आहे आणि कॉइल स्प्रिंग आहेत. त्यामुळे तिथे गाडी खाली आणायची म्हणजे कमी उंचीच्या आणि जास्त कडक कॉइल घालायच्या, त्यांना जुळणारे शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) घालायचे आणि चाकं आतल्या बाजूला कलली की ती सरळ करायला ॲडजस्ट होणारे आर्म लावायचे. गाडीचं वजन पावणेतीन ते तीन टनांच्या घरात आणि पोटाखाली साडेआठ इंचांच्या आसपास मोकळी जागा. त्यातून तीन इंच गेले तरी साडेपाच उरतात. शिवाय फोटोतला हौदा रिकामा असतो, तेही बघा. रिव्हियनची आर1टी आणि टेस्लाच्या सायबरट्रकची बरीच मॉडेल यांना तर कंपनीतूनच एअर सस्पेन्शन, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगा, येतं. उभ्या गाडीचा फोटो काढताना ती खाली बसवायची आणि खराब रस्ता आला की उचलायची, असं त्यांना जमतं.

तुमच्या गाडीला मागे अखंड ॲक्सल आहे आणि त्याच्यावर पाटे आहेत. पुढे काही मॉडेलना पाटेच असतात, काहींना स्ट्रट, म्हणजे कॉइल आणि शॉकअब एकत्र असलेला उभा दांडा. वाकून बघितलं की कळेल. आपल्याकडच्या या सगळ्या गाड्या माल वाहायला बनवलेल्या आहेत. रिकाम्या असताना त्या मागून उंच दिसतात, कारण माल भरल्यावर खाली बसायची जागा आधीच ठेवलेली असते. तुम्हाला चाकावर जी पोकळी डोळ्यात खुपते, ती म्हणजे तीच जागा.

आता हिशेब. समजा, रिकाम्या गाडीत मागचा ॲक्सल आणि चासीवरचा बंप स्टॉप (ॲक्सल वर येऊन थेट चासीवर आदळू नये म्हणून लावलेला रबरी ठोकळा) यांच्यात 100 मिलीमीटर अंतर आहे, आणि दोन्ही बाजूंचे पाटे मिळून दर दहा किलोला एक मिलीमीटर दबतात. तुमचं काउंटर, मशीन, फ्रिज आणि भरलेल्या टाक्या यांचा मागच्या ॲक्सलवरचा भार 400 किलो धरला, तर 40 मिलीमीटर तिथेच गेले. उरले 60. खड्डा, स्पीडब्रेकर, चेंबरचं झाकण, सगळं याच 60 मध्ये पचवायचंय. यातून 50 मिलीमीटर, म्हणजे फक्त दोन इंच खाली आणलं तर शिल्लक राहतात दहा. चार इंचांचा तर प्रश्नच उरत नाही. ॲक्सल बंप स्टॉपवर टेकून राहील आणि गाडीला सस्पेन्शन नसल्यातच जमा.

लोक म्हणतात, मग स्प्रिंग थोडी कडक घालू. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चाकाला उसळायची जागा 60 ची 30 झाली, तर तोच खड्डा त्याच वेगात पचवायला स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक लागते. स्प्रिंग दबताना जी ऊर्जा साठवते ती दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून. चौपट कडक पाट्यांवर तुमचं कॉफी मशीन आठवडाभर टिकणार नाही, त्याचे जोड गळायला लागतील. आणि तुमचा कारागीर करतोय काय, तर पाटे काढून स्प्रिंग मऊ करतोय. जागाही कमी आणि स्प्रिंगही मऊ. म्हणजे गरज आहे त्याच्या बरोब्बर उलट.

ही जागा तुमच्या गाडीत नेमकी किती आहे हे घरच्या घरी मोजता येतं. टायरमध्ये हवा बरोबर भरा, टाक्या काठोकाठ भरा, नेहमीचा सगळा माल ठेवा, नेहमी जितकी माणसं बसतात तितकी बसवा आणि गाडी सपाट काँक्रीटवर उभी करा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतचं अंतर टेपने घ्या आणि लिहून ठेवा. बॅटरीच्या खोक्याचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे ते पुढे, मध्ये आणि मागे असं तीन ठिकाणी घ्या. मग थोडा शाडू आणा, गणपतीचा असतो तोच. घट्ट मळून, ॲक्सलवर जिथे बंप स्टॉप येऊन आदळतो तिथली जागा पुसून, त्यावर त्याचा उभा सुळका चिकटवा. सुळका इतका उंच हवा की भरलेल्या गाडीत त्याचं टोक बंप स्टॉपला जेमतेम टेकेल. टोकावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, नाहीतर शाडू रबराला चिकटून वर ओढला जातो. आता रोजच्या रस्त्याने, रोजच्या वेगात एक फेरी मारून या. मुद्दाम जपून चालवू नका. परत आल्यावर शाडू दबून किती जाडीचा उरलाय ते मोजा. समजा 35 मिलीमीटर उरला, तर खड्ड्यात सगळ्यात जास्त दबलेल्या क्षणीही तुमच्याकडे 35 शिल्लक होते. त्यातले 15 कधीच हात न लावायचे म्हणून बाजूला ठेवा. गाडी जास्तीत जास्त 20 मिलीमीटर खाली येऊ शकते. दोन्ही बाजूंना हे करा आणि जी बाजू कमी दाखवेल ती धरा. पाण्याच्या टाक्या एका अंगाला असतील तर फरक हमखास दिसतो.

मी हे ज्या-ज्या भरलेल्या छोट्या पिकअपवर केलंय, तिथे 20-25 मिलीमीटरच्या पुढे जायचा सल्ला क्वचितच देता आला. एक इंच. ऐकायला कमी वाटतं, पण गाडी पुढून-मागून एका पातळीत आली आणि दिसण्याची बाकीची कामं केली की डोळ्याला तो इंच बराच मोठा दिसतो. त्याकडे शेवटी येतो.

बंप स्टॉप ही कुठल्याही पिकअपची हद्द झाली. इलेक्ट्रिकची दुसरी हद्द पोटाखाली आहे. डिझेल गाडी स्पीडब्रेकरवर घासली तर सायलेन्सर वाजतो, फार तर पाइप चेपतो. तुमच्या गाडीत तिथे बॅटरीचं खोकं आहे. त्याला पडलेला पोचा वरून क्षुल्लक दिसतो, पण आतले सेल, त्यांच्या जोडपट्ट्या आणि खोक्याच्या कडेचं सील यांना काय झालं ते बाहेरून कळत नाही. बऱ्याचदा त्या दिवशी काहीच होत नाही. सील थोडं उघडं पडतं, मग पावसाळ्यात ओल आत जाते, इन्सुलेशनचा फॉल्ट येतो आणि गाडी सुरूच होत नाही. तेव्हा कोणाला दोन महिन्यांपूर्वीचा स्पीडब्रेकर आठवत नाही. खोक्यावर आयपी67 लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. ती चाचणी धड खोक्याची असते, घासलेल्या नव्हे. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडवर एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा पुण्यात किती झपाट्याने पाणी चढू शकतं ते सगळ्यांनी पाहिलं. गाडी जितकी खाली, तितकी ती लवकर पाण्यात.

स्पीडब्रेकरचंही माप बघू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल उंचवट्याचा स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच असावा. असला कुठे भेटला तर एक इंच खाली आणलेली गाडी सहज जाते. अडचण सोसायट्यांच्या गेटवरच्या आणि गल्लीबोळातल्या, हाताने थापलेल्या अरुंद, उंच गतिरोधकांची आहे. त्यावर पुढची चाकं उतरतात, मागची अजून चढायची असतात आणि उंचवटा बरोबर पोटाच्या मध्यावर येतो. पोटाखाली 160 मिलीमीटर असतील आणि गतिरोधक 140 चा असेल, तर आज तुम्ही 20 मिलीमीटरने वाचताय. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचे सगळ्यात वाईट दोन-तीन गतिरोधक टेप घेऊन मोजाच. शाडूने दिलेला आकडा आणि हा आकडा, यात जो लहान तोच खरा.

आता तुमच्या कारागिराच्या पद्धतीकडे येतो. पाटे काढण्यात मऊपणापेक्षाही मोठा धोका आहे आणि तो इलेक्ट्रिक गाडीत जास्त आहे. पाटा गाडीचं वजन पेलतो, पण तेवढंच त्याचं काम नाही. मोटर चाक फिरवते तेव्हा ॲक्सल उलट बाजूला गुंडाळला जायला बघतो. त्याला धरून ठेवायचं कामही पाट्यांचंच. डिझेलमध्ये क्लच सुटेल तशी ओढ हळूहळू येते. इलेक्ट्रिक मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क (फिरवायचा जोर) देते. शिवाय पाय उचलला की रीजन सुरू होतं, मोटरच गाडीचा वेग कमी करत बॅटरी भरते, म्हणजे तोच ॲक्सल लगेच दुसऱ्या दिशेला पिळला जातो. दिवसभराच्या ट्रॅफिकमध्ये हे शेकडो वेळा. पाटे पुरेसे असतील तर ते हे सहन करतात. दोन काढले की मुख्य पाटा एसच्या आकारात वाकायला लागतो. सिग्नलवरून निघताना मागून "टक्" आणि ब्रेक लावताना पुन्हा "टक्" असा आवाज येतो तो याचाच. दुसरीकडे पाटे काढून घेतलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या जागी मुख्य पाट्याला केसाएवढी चीर होती, हौद्याच्या तळाला टायर घासल्याचा काळा पट्टा उमटला होता आणि ब्रेकचा पाइप चासीवर घासून चकाकत होता. मालकाची तक्रार मात्र एवढीच होती, की गाडी थोडी डुलते.

तापवून बसवणं त्याहून वाईट. पाट्याचं पोलाद कारखान्यात साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवतात आणि मग साडेचारशे-पाचशे अंशांवर ठरावीक वेळ टेम्पर करतात. त्यातून त्याला दबून परत उसळण्याचा गुण येतो. गॅसच्या ज्वालेने एका जागी लाल केलं की तेवढ्या पट्ट्यातला तो गुण गेला. कुठे मऊ, कुठे ठिसूळ. तो पाटा एक तर महिन्याभरात बसतो, नाहीतर मोडतो. आणि पुढचा पाटा मोडला तर स्टीअरिंगही हातातून जातं. कॉइल असेल तर तीही तापवू नये आणि तिचे वेढेही कापू नयेत. कापलेली कॉइल चाक लोंबकळल्यावर आपल्या बैठकीतून सुटते.

ऑनलाइन मिळणाऱ्या लोअरिंग ब्लॉकबद्दलही सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. ब्लॉक ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये बसतो. तुमच्यासारख्या गाडीत पाटा ॲक्सलच्या वर असतो, त्यामुळे ब्लॉक घातला की गाडी खाली न येता वर जाते. ब्लॉकने खाली आणता येते ती पाटा ॲक्सलच्या खालून जाणारी गाडी. अमेरिकेत पिकअपला ॲक्सल उचलून पाट्याच्या वर घ्यायचं किट मिळतं, पण त्यात मागच्या चासीला अर्धगोल खाच पाडून तिथे जाड पट्टी वेल्ड करावी लागते. बॅटरीला लागून असलेल्या चासीवर वेल्डिंग करू द्यायला मी तयार होणार नाही. तुम्हीही होऊ नका.

मग 20-25 मिलीमीटर आणायचे कसे? नवे पाटे बनवून घ्यायचे. जुन्यावर प्रयोग नको, ते गुंडाळून घरी ठेवा. चांगल्या पाटेवाल्याला सांगायचं, की संख्या, जाडी आणि लांबी कंपनीची तीच, फक्त कमान कमी. असं केल्याने पाट्याचा कडकपणा जवळपास तसाच राहतो, माल पेलायची ताकद राहते आणि गाडी नेमकी हवी तेवढीच खाली येते. नाना पेठेत तयार पाटे मिळतील, पण कमी कमानीचे बनवून घ्यायचे तर पाटे घडवून टेम्पर करणाऱ्याकडेच जा आणि टेम्परिंग भट्टीत होतं का हे समोर उभं राहून बघा. सोबत पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवे. जुने एकदा ताणलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत. शॉकअब जुने चालतील की नाही हे रॉड किती आत जातोय त्यावर ठरेल. 20 मिलीमीटरला बहुतेक चालतात. शॅकल, म्हणजे पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी हलती कडी, बदलूनही उंची कमी होते, पण शॅकलच्या लांबीत जेवढा फरक कराल त्याच्या साधारण निम्माच फरक गाडीत पडतो. शिवाय शॅकल चासीला कसा टांगलाय त्यावर तो लांब करायचा की आखूड हे ठरतं. मला पाट्याचाच मार्ग सरळ वाटतो.

पुढे स्ट्रट असतील तर कमी उंचीच्या स्प्रिंगा आणि नंतर अलाइनमेंट. अलाइनमेंट टाळली तर टायर आतून खातो, आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) बिघडला असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडल्यापेक्षाही लवकर खातो. पुढे पाटे असतील तर स्टीअरिंगच्या रॉडचा कोन बघा. गाडी खाली आली की तो रॉड तिरका होतो आणि प्रत्येक खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप थोडं वळतं. हातात तो झटका जाणवला तर पुढून उंची कमी करू नका, मूळचीच ठेवा. मालवाहू गाडी मागूनच उंच असते, त्यामुळे निव्वळ मागून पातळीत आणली तरी काम होतं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला एक बारीक लिंक जोडलेली असते, ती वर ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला जाते. गाडी खाली दबली की व्हॉल्व्ह समजतो माल भरलाय आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. पाटे बदलून गाडी खाली आणलीत आणि ही लिंक तशीच ठेवलीत, तर रिकाम्या गाडीतही व्हॉल्व्हला माल भरल्यासारखा वाटणार. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. चांदणी चौकाच्या उतारावर पहिल्या पावसात हे अनुभवायची वेळ येऊ नये. लिंक नव्या उंचीला जुळवून घ्या. गाडीत तसला व्हॉल्व्ह नसून एबीएसवर काम चालत असेल तर ही अडचण नाही. हेडलाइटचा झोतही त्याच दिवशी लावून घ्या.

एअर सस्पेन्शनचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी मनात असेलच. दुकानाजवळ उभं राहिल्यावर खाली बसणारी गाडी कोणाला आवडणार नाही! पण काँप्रेसर 12 व्होल्टवर चालतो आणि सुरू झाला की वीस-पंचवीस ॲम्पिअर खातो. छोट्या इलेक्ट्रिक गाडीत 12 व्होल्टची बॅटरी लहान असते आणि ती मोठ्या बॅटरीवरून एका कन्व्हर्टरमधून भरली जाते. त्या कन्व्हर्टरवर तुमचे दिवे आणि पंपही असतील तर भार झेपतो का हे आधी तपासावं लागतं. नारिंगी वायरींच्या जवळ तर कोणालाही फिरकू देऊ नका. त्या मोठ्या बॅटरीच्या वायरी आहेत आणि तिथे चूक झाली तर माणूस दगावतो. हवेच्या बॅगा बसवायला चासीला भोकं पाडावी लागतात हे आणखी वेगळं. रोज रस्त्यावर धंदा करणाऱ्या गाडीला हे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. जॅक लावतानाही कारागिराला सांगून ठेवा, बॅटरीच्या खोक्याखाली जॅक लावायचा नाही. नेहमी चासीला किंवा ॲक्सलला.

कायद्याचं सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली बेकायदा बदलामागे प्रत्येकी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी, म्हणजे गाडी व्यावसायिक. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिचं पासिंग होणार, आणि तिथे निरीक्षक खाली वाकून बघतो. म्हणून पाट्यांना हात लावण्यापूर्वी आरटीओत लेखी अर्ज करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. हौद्यात केलेलं काउंटर आरसीवर चढवलंय का, तेही त्याच फेरीत बघा. कंपनीच्या डीलरलाही ईमेलने विचारा. बॅटरीची वॉरंटी हा तुमच्या गाडीतला सगळ्यात महागडा कागद आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही बदल विचारते. यातल्या कोणीही नाही म्हटलं तर कंपनीचे पाटे आहेत तसेच ठेवा आणि पुढचं सगळं करा. माझ्या मते तुम्हाला हवा असलेला बहुतांश लूक त्यातच आहे.

गाडी खाली दिसते ती डोळ्याला. डोळा दोन जागा बघतो: टायर आणि कमान यांच्यातली पोकळी, आणि पोटाखालून पलीकडचा दिसणारा उजेड. चाकाच्या कमानीचा आतला भाग, तिथली चासी आणि शॉकअब मॅट काळे करा. आज तिथे फिकट रंग आणि चिखलाचा करडा थर असतो, म्हणून पोकळी उठून दिसते. काळं केल्यावर टायर आणि कमान एकमेकांत मिसळतात. दुसरं, दोन्ही चाकांच्या मध्ये हौद्याच्या खाली फायबरची पट्टी लावा, गाडीच्याच रंगाची. काळी नको. काळी पट्टी अंग वर उचललेलं दाखवते, एसयूव्हीला मुद्दाम लावतात ती त्यासाठीच. अंगाच्याच रंगाची पट्टी खाली उतरली की पोटाखालचा उजेड बंद होतो आणि गाडी खाली बसल्यासारखी वाटते. ही पट्टी बॅटरीच्या खोक्यापेक्षा खाली जाऊ नये, तिला लवचीक रबराची कड असावी, आणि बॅटरीला हवा लागायची जागा किंवा चार्जिंगचं झाकण तिच्यामागे दडू नये. बोल्टने बसवा, म्हणजे सर्व्हिसला दहा मिनिटांत उतरते. तिसरं, कॅबिनचं छप्पर आणि काउंटरचा वरचा पत्रा गडद रंगाचा करा. वरचा गडद भाग नजरेतून मागे सरकतो आणि गाडीची उंची कमी भासते. काउंटरच्या अंगावर एक आडवी रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सलग नेली तर नजर लांबीवर जाते. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते, तेवढं लक्षात ठेवा.

चाकांच्या बाबतीत मोह आवरा. मोठी रिम आणि पातळ टायर फोटोत छान दिसतात, पण तुमच्या टायरवर जो प्लाय रेटिंग आणि लोड इंडेक्स लिहिलाय तो माल पेलण्यासाठी आहे. कारच्या टायरचा तो सहसा कमी असतो. जड रिमने रेंजही घटते. कंपनीच्याच मापाच्या रिमवर चांगल्या प्रतीचं सपाट झाकण, रंगवलेले नट, स्वच्छ टायर, एवढं पुरे. गाडी खाली आणल्याने रेंज वाढते असं कोणी सांगेल. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हायवेवर सलग ऐंशीने धावणाऱ्या गाडीला थोडा फायदा मिळेल. बाणेर ते औंध तीस-चाळीसने फिरणाऱ्या गाडीला तो जाणवणारही नाही.

आणि टाक्या. पाणी हलतं, दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो वळणावर एका अंगाला जातात. टाक्या हौद्याच्या तळाला, आडव्या, ॲक्सलच्या जवळ आणि आत पडदे असलेल्या करून घ्या. फ्रिज आणि टाकी समोरासमोरच्या अंगांना ठेवा. आज तुमची गाडी एका बाजूला कलून उभी राहत असेल, तर खाली आणण्याच्या आधी ती सरळ उभी राहणं जास्त शोभेल, आणि त्याला पाट्यांना हातही लावावा लागत नाही.

परवानगी मिळाली आणि पाटे बदलायचेच ठरले, तर फिटिंगच्या दिवशी तिथे थांबा. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या गोल वेढ्यातले) आणि शॅकलचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते बसवायचे, आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवा, नेहमीचा माल आणि पाणी भरा, दोन-तीनदा दाबून सोडा, आणि मग पान्याने आवळा. हवेत आवळले तर आतलं रबरी बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. लोड सेन्सिंगची लिंक, हेडलाइट आणि अलाइनमेंट त्याच दिवशी. शाडूचा सुळका पुन्हा लावून तीच फेरी मारा. 15 मिलीमीटरपेक्षा कमी उरले तर जुने पाटे परत चढवा. यू बोल्ट दोनशे किलोमीटरनंतर एकदा आणि हजारनंतर एकदा, दोन्ही वेळा टॉर्क रेंचने, भरलेल्या गाडीत.